दोन्या इस्मेनियांची जाहिरात

"दहा," सेन्योर पुपो म्हणाले. "शनिवारपर्यंत दहा सभासद. आतापर्यंत किती झाले?"

"दोन," एल्किन म्हणाला.

"कोण कोण?"

एल्किनने नोंदवही उघडून पाहिली. पाहण्याची काही गरज नव्हती. "नुबिया बारासा. आणि... एल्किन बारासा."

"म्हणजे तुझी आई आणि तू."

"हो, सेन्योर."

सेन्योर पुपोंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांचा चेहरा मुळातच असा होता, की समोरच्याला आपल्या घरचे कुणी गेले की काय अशी शंका यावी. पुएर्तो अल्माग्रे गावात एकतीस वर्षे ते अंत्यविधीचे दुकान चालवत होते. दरमहा थोडा हप्ता भरणाऱ्या सभासदाला ते वेळ आल्यावर शवपेटी, मांडव, चाळीस खुर्च्या, मेणबत्त्या आणि कॉफीचे मोठे पातेले पुरवत. पण जुने सभासद नेमाने योजनेचा लाभ घेत होते आणि नवे येत नव्हते. म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मार्केटिंगचा माणूस ठेवला होता. एक महिना परीक्षेवर.

तो माणूस म्हणजे एल्किन. बारान्कीयाच्या विद्यापीठातून पदवी घेऊन तो चौदा महिने घरी बसला होता. त्रेसष्ट अर्ज केले होते. साबणवाल्यांनी उत्तर दिले नाही, बिअरवाल्यांनी दिले नाही, एका चपलांच्या कारखान्याने दिले ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर होते. सेन्योर पुपोंनी मात्र मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "तुला अंधाराची भीती वाटते?" आणि नाही म्हटल्यावर त्याला दोन उभ्या शवपेट्यांच्या मधली खुर्ची दाखवून सांगितले, "हा तुझा विभाग." आईने गल्लीभर सांगितले, की एल्किन मार्केटिंगमध्ये लागला. कुठे, ते तिने सांगितले नाही, आणि गल्लीनेही भिडेपोटी विचारले नाही.

"शनिवारी दहा नसले," सेन्योर पुपो उठता उठता म्हणाले, "तर मला वाईट वाटेल. मला रोजच वाईट वाटतं म्हणा, पण तुझं जास्त वाटेल."

एल्किन आपल्या विभागात जाऊन बसला. विद्यापीठातल्या मार्केटिंगच्या पुस्तकात एक गोष्ट ठळक अक्षरांत छापली होती: समाधानी ग्राहकाच्या तोंडून आलेल्या एका शब्दाला कंपनीच्या शंभर शब्दांपेक्षा जास्त वजन असते. अडचण एवढीच, की या कंपनीचे समाधानी ग्राहक टेकडीवर पुरलेले होते. मग त्याच्या मनात आले, हप्ते भरणारे आणि अजून हयात असलेले ग्राहक आहेतच की! त्याने जुनी वही काढली. सर्वांत जुने नाव दोन्या इस्मेनिया रुईस यांचे होते; वडीलधाऱ्या बाईला गाव आदराने दोन्या म्हणे. बावीस वर्षांत एकही हप्ता चुकलेला नव्हता.

दोन्या इस्मेनिया नदीकाठच्या गल्लीत एकट्या राहत. त्या दिवशी संध्याकाळी तो गेला तेव्हा त्या अंगणात केळ्याचे काप तळत होत्या.

"माझं नाव? पुपोच्या गाडीच्या भोंग्यावर?" त्या म्हणाल्या. "आणि काय सांगणार माझ्याबद्दल?"

"की तुम्ही बावीस वर्षं आमच्यावर विश्वास टाकलात. की तुम्हाला कसली काळजी नाही."

"काळजी नाही कशी? छत गळतंय. पण ते नको सांगूस. घे, काप खा. किती वाळलायस! तुला पोटभर पगार देतो की नाही तो पुपो?"

"अजून परीक्षेवर आहे, दोन्या इस्मेनिया."

"माझा रामिरोपण परीक्षेवरच गेला होता बोगोताला. बिस्किटांच्या कारखान्यात. नऊ वर्षं झाली." त्यांनी झाऱ्याने काप उलटले. "रजा मिळत नाही म्हणतो. देत असतील परीक्षा अजून." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "घे माझं नाव. कुणी घेत नाही तसंही."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी आठ वाजता एल्किन भोंग्याच्या गाडीत चढला. गाडी चालवणारा मोन्चो हा दुकानातला सर्वांत जुना नोकर. गावात कुणी गेले, की सकाळी तो गाडी फिरवून नाव सांगायचा, आणि दुपारी दुसऱ्या फेरीत दफनाची वेळ.

एल्किनच्या हातातला कागद वाचून मोन्चोने इंजिन बंद केले.

"यात जिवंत बाईचं नाव आहे."

"तेच तर वैशिष्ट्य आहे."

"पोरा, या गाडीवरून जिवंत माणसाचं नाव घेत नाहीत."

"आजवर घेतलं नाही म्हणून, मोन्चो. लोकांच्या मनात या गाडीची जी प्रतिमा आहे ती बदलायची आहे. पुस्तकात याला फार महत्त्व दिलंय."

"पुस्तक लिहिणारा कधी या गाडीत बसला होता?"

"तू चालव."

"चालवतो. माझं काय जातंय? माझं नाव नाहीये त्या कागदावर."

गाडी निघाली. एल्किनने घसा साफ केला. त्याचा आवाज बोलताना कापरा वाटे, पण भोंग्यातून तो खोल आणि गंभीर होऊन बाहेर पडला. कधी नव्हे ते त्याला स्वतःचा आवाज आवडला. "पुएर्तो अल्माग्रेच्या नागरिकहो! पुपो अंत्यविधी गृहाच्या वतीने... दोन्या इस्मेनिया रुईस..."

पुढे दहा ओळी होत्या. विश्वास, निश्चिंती, मांडव, खुर्च्यांचा दर्जा. त्या दहा ओळी कुणी ऐकल्या असतील असे वाटत नाही.

एल्किनला मात्र प्रतिसाद पाहून भरून आले. खाटीक सुरा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर आला आणि त्याने टोपी काढली. केस कापायला बसलेला एक जण अर्ध्या डोक्यानिशी उठून उभा राहिला. बायका दारात येऊन छातीशी हात नेत होत्या. एकही माणूस गाडीकडे पाठ फिरवत नव्हता. पुस्तकात म्हटले होते, की शंभरातल्या दोघांनी जाहिरातीकडे लक्ष दिले तरी ती यशस्वी समजावी. एल्किनने वहीत लिहिले: लक्ष देणारे – सगळे.

"बघितलंस?" तो मोन्चोला म्हणाला.

"बघतोय," मोन्चो म्हणाला. "ती बाई कॉफीचं पाकीट घेऊन पळतेय, तीही बघतोय."

"कुठे?"

"दोन्या इस्मेनियाच्या गल्लीकडे. तिच्या मागे साखर चाललीय. साखरेच्या मागे मेणबत्त्या."

एल्किनने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि पुन्हा आत घेतले. त्याच्या वहीतले पेन खाली पडले, ते त्याने उचलले नाही.

दोन्या इस्मेनिया घरी असत्या तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण दर बुधवारी त्या सकाळच्या नावेने नदीपलीकडे मैत्रिणीकडे जात आणि दुपारच्या नावेने परतत. दाराला कुलूप होते. कुलपावरून लोकांनी ताडले, की पुपोंनी त्यांना दुकानात नेलेले दिसते. इकडे सेन्योर पुपोंनी दुकानात बसून भोंगा ऐकला. आधी आपल्याला कुणी कळवले नाही याचे त्यांना वाईट वाटले. मग त्यांनी ताडले, की त्या घरीच असणार. वही उघडली, सभासद नियमित होता. त्यांच्याकडून एकतीस वर्षांत कुणाला उशीर झाला नव्हता. अर्ध्या तासात हातगाडीवरून चाळीस खुर्च्या, मांडव आणि पातेले रवाना झाले.

एल्किन धावत नदीकाठच्या गल्लीत पोहोचला तेव्हा मांडव उभा राहिला होता. कॉफी उकळत होती. मयताच्या घरच्या रिवाजाप्रमाणे दोन टेबलांवर डोमिनोचे डाव पडले होते. शेजारीण सेन्योरा देल्फा रडत रडत कप वाटत होती.

"त्या गेलेल्या नाहीत!" एल्किन ओरडला.

"खरंय, पोरा," ती त्याच्या हातात कप देत म्हणाली. "अशी माणसं जात नाहीत. आपल्यातच राहतात."

"तसं नाही, सेन्योरा, त्या खरंच जिवंत आहेत!"

"आपल्या मनात," सेन्योरा देल्फा म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. "रामिरोला फोन केला मी. मिळेल त्या बसने निघतो म्हणाला."

एल्किनने रामिरोचा नंबर मागून घेऊन सहा वेळा लावला. बस डोंगरात शिरली असावी. फोन लागला नाही.

एक वाजता दुपारची नाव आली. दोन्या इस्मेनिया हातात माशांची पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या. गर्दी पाहून त्या कडेच्या टेबलाशी थांबल्या आणि डोमिनो खेळणाऱ्या खाटकाला हळूच विचारले, "कोण गेलं?"

"दोन्या इस्मेनिया," खाटीक सोंगट्यांवरची नजर न काढता म्हणाला.

"कधी?"

"सकाळी."

"काय झालं होतं?"

"हृदय म्हणतात. एकटी होती ना. मुलगा बोगोताला. कधी आला नाही नालायक."

"नालायक नको म्हणूस त्याला. रजा मिळत नाही."

खाटकाने वर पाहिले. टेबल उलटले. सोंगट्या उचलायला कुणी वाकले नाही. पुढची दहा मिनिटे नेमके काय झाले ते सांगणे अवघड आहे, कारण सांगणारा प्रत्येक जण वेगळे सांगतो. दोन बायका बेशुद्ध पडल्या एवढे नक्की. दोन्या इस्मेनियांना त्यांच्याच मांडवातल्या खुर्चीवर बसवून त्यांनाच कॉफी देण्यात आली.

"मीच ना ते सांगितलं?" त्या एल्किनला शोधून म्हणाल्या. "माझं नाव घे म्हणून? मीच सांगितलं. रडू नकोस. हे बघ, किती जण आले. माझ्या वाढदिवसाला दोघी आल्या होत्या."

एल्किनला मात्र स्वस्थ बसवेना. गल्लीला खरे कळले होते, उरलेल्या गावाला नव्हते. जी चूक भोंग्याने केली ती भोंग्यानेच दुरुस्त करावी, असे त्याला वाटले. शिकलेल्या कुणालाही तसेच वाटले असते. दोन वाजता तो पुन्हा गाडीत चढला.

"दुसरी फेरी?" मोन्चोने विचारले. "नको. माझं ऐक. दुसऱ्या फेरीचा अर्थ—"

"चालव!"

"नागरिकहो! दोन्या इस्मेनिया रुईस..." एल्किन जीव तोडून सांगत होता. त्या सुखरूप आहेत, सकाळच्या घोषणेबद्दल दिलगीर आहोत, कृपया गैरसमज नसावा. पण नाव ऐकताच दारे खिडक्या बंद होऊ लागल्या. तो थांबला. "मोन्चो, हे लोक आत का चाललेत?"

"कपडे बदलायला."

"का?"

"दुसरी फेरी म्हणजे दफनाची वेळ."

"पण मी वेळ सांगितलीच नाही!"

"नाही सांगितली की चार. नेहमी चारच असते."

चार वाजता चर्चसमोर चारशे माणसे काळ्या कपड्यांत उन्हात उभी होती. शाळा लवकर सुटली होती. नगरपालिकेचा एक लिपिक पुष्पचक्र घेऊन आला होता. आणि गर्दीतून वाट काढत, काळी ओढणी डोक्यावर घेऊन, दोन्या इस्मेनिया येत होत्या.

"तुम्ही कशाला आलात?" एल्किन जवळजवळ किंचाळला.

"सगळी गल्ली गंमत बघायला इकडे आली. मी एकटी घरी बसून काय करू?"

पाद्रींनी दारातून पाहिले. "मृतदेह कुठाय?"

"चालत आले, फादर," दोन्या इस्मेनिया म्हणाल्या.

पाद्री वयस्कर होते. त्यांनी थोडा विचार केला आणि एवढी माणसे जमलीच आहेत तर आभाराची प्रार्थना करून टाकली. एरवी रविवारी त्यांच्यासमोर पंधरा डोकी असत. बाहेर पडताना लोक कुरकुरत होते.

"अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं, इस्मेनिया!"

"माफ कर रे."

"या कोटात उकडून निघालो मी."

"पुढच्या वेळी चारऐवजी सहाला ठेवीन हो."

सेन्योर पुपो चर्चच्या पायऱ्यांवर उभे होते. एल्किनला ते एवढेच म्हणाले, "उद्या बाराला ये. आज मला बोलवत नाही."

गुरुवारी बाराला नोंदवही उघडीच होती. "काल दोन होते," सेन्योर पुपो म्हणाले. "सकाळी तुझी आई येऊन नाव काढून गेली. म्हणाली, मला अजून काही वर्षं जगायचंय. आता एकच उरला. तो कोण, ते तुला ठाऊक आहे."

"हो, सेन्योर."

"मी तुझ्यावर रागावलेलो नाही. एकतीस वर्षं मी कुणाला घाई केली नाही, कुणाला उशीर केला नाही. जो गेला त्याचंच नाव घेतलं. लोक माझ्याकडे पाहून रस्ता बदलतात, पण माझ्या गाडीवर विश्वास ठेवतात. तेवढंच होतं माझ्याजवळ." त्यांनी टोपण काढून पेन हातात घेतले. "तुझं शिफारसपत्र लिहितो. चांगलं लिहीन."

चौसष्टावा अर्ज कुठे करावा हे एल्किन मनात शोधत होता, आणि त्याहून जास्त, घरी गेल्यावर आईच्या समोर कोणत्या दाराने जावे हे.

दार ढकलले गेले आणि दोन्या इस्मेनिया आत आल्या. त्यांच्या मागे काळा टाय लावलेला, झोपेने डोळे सुजलेला एक पस्तिशीचा माणूस होता.

"हा माझा रामिरो," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होते, त्याने सेन्योर पुपोंचे पेन थांबले. "सकाळी दारात उभा. मला बघून खालीच बसला."

"वीस तास बसमध्ये रडलो मी," रामिरो खिन्नपणे म्हणाला. "आणि आल्यावर हिने विचारलं, जेवलास का?"

"मग काय विचारू?"

"सेन्योर," रामिरो म्हणाला, "माझी अडचण झालीय. कारखान्याने मला पाच दिवसांची रजा दिली. आईच्या मृत्यूची. ही रजा आयुष्यात एकदाच मिळते, आणि माझी वापरली म्हणून लिहिलीही गेली. आता आई जिवंत आहे कळलं तर रजा रद्द. आजच्या बसने परत जावं लागेल. आणि ती खरंच गेली, तेव्हा..."

"तेव्हा याला येता येणार नाही," दोन्या इस्मेनिया म्हणाल्या. "म्हणून म्हणते, पुपो, सोमवारपर्यंत मी गेलेलीच बरी. तुमच्याकडून काही खुलासा नको. आणि मी आभार मानायला आले."

सेन्योर पुपो त्यांच्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत त्यांचा एकही ग्राहक आभार मानायला परत आला नव्हता.

"खोटं मी बोलणार नाही," ते शेवटी म्हणाले. "या दुकानात मेलेल्याबद्दल खोटं बोलत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. सेन्योर पुपोंनी ऐकले, त्यांचा चेहरा आणखी पडला आणि त्यांनी फोनवर हात ठेवला. "बोगोता. बिस्किटांचा कारखाना. खात्री करून घ्यायचीय म्हणे."

रामिरो भिंतीला टेकला. त्याची आई खुर्चीत ताठ बसून राहिली. कुणीच फोन घेईना, तेव्हा एल्किनने घेतला. नोकरी तशीही गेलेली होती.

"पुपो अंत्यविधी गृह," तो भोंग्यातल्या आवाजात म्हणाला. "हो, सर. दोन्या इस्मेनिया रुईस. गाडीवरून नाव मी स्वतः पुकारलं. बुधवारी सकाळी आठला... दुपारी चारला चर्चमध्ये प्रार्थना झाली, सर. चारशे माणसं होती. नगरपालिकेचं पुष्पचक्र होतं... हो, त्या चर्चमध्येच होत्या. शेवटपर्यंत... मुलगा आज पोहोचला, सर. फार खचलाय. उभं राहवत नाहीये." रामिरो खरोखरच भिंतीवरून घसरत होता. "एक सांगू का, सर? पाच दिवस तुमचा नियम आहे, समजतो मी. पण आमच्या गावात कुणी गेलं की नऊ रात्री प्रार्थना चालते. मुलगा मधूनच उठून गेला तर लोक बोलतात. कारखान्याबद्दलही बोलतात... आमच्याकडे बिस्किटं खूप खपतात, सर."

बराच वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आभारी आहे. नक्की सांगतो," आणि त्याने फोन ठेवला.

"नऊ दिले," तो म्हणाला. "आणि त्यांनी सांगितलंय, तुमच्या दुःखात ते सहभागी आहेत."

"नऊ!" रामिरो म्हणाला. "नऊ दिवस मी इथे काय करू?"

"शिडी आहे घरात," त्याची आई म्हणाली. "चल."

ते गेल्यावर सेन्योर पुपो बराच वेळ पेनशी चाळा करत बसले. "यात खोटं काय होतं?" त्यांनी विचारले.

एल्किनने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "काहीच नाही, सेन्योर."

"तेच मीही शोधतोय." त्यांनी समोरचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूने पुन्हा लिहायला घेतले. "याला मार्केटिंग म्हणतात होय? मला वाटायचं, भित्तिपत्रकं असतात." लिहिणे थांबवून ते म्हणाले, "शनिवारची वाट पाहण्यात अर्थ नाही. कायम केलं तुला."

एल्किनला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही असावा. पण घरी जाताना गल्लीतल्या बायकांनी त्याला पाहून मुलांना आत ओढले आणि एका आजीने खिडकी लावता लावता बजावले, "माझं नाव घेऊ नकोस हं, पोरा!"

शनिवारी सकाळी पहिला नवा सभासद आला. चर्चसमोरची गर्दी पाहून आपल्यालाही तशीच हवी, असे त्याच्या मनाने घेतले होते. एल्किनने अर्ज पुढे ओढला. माणसाने वय सांगितले, पत्ता सांगितला, पायाच्या दुखण्याची सविस्तर हकिकत सांगितली, हप्ता कोणत्या तारखेला देणार तेही सांगितले.

"आणि नाव?" एल्किनने विचारले.

माणसाने आधी दाराबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले, मग एल्किनकडे पाहिले, आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

"नावाचं एवढं काय आहे," तो म्हणाला. "ते तूर्त राहू दे."